परक्या अंगणातलं इंजिन

काळं व्हायला जायचं तर माणूस आधी आंघोळ कशाला करतो, हे रंगूबाईला कुणीतरी समजावून सांगायला हवं होतं. सिद्धू मिस्त्री तिचा नवरा. पलूस आणि आसपासच्या मळ्यांतली, विहिरींवरची तेलाची इंजिनं दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. आजवर तो उठायचा, तोंडावर पाणी मारायचा आणि कालच्याच कपड्यांत कामाला जायचा. ऊन पाणी लागायचं ते संध्याकाळी, अंगावरचं काळं काढायला. पण कुंडलच्या शालूवैनींची मोटार हातात घेतल्यापासून स्वारी सकाळी सकाळीच न्हाणीत. वर धुतलेली पैरण, आणि त्यावर भांग.

"आवं, मोटार बघाया चाललाय का पोरगी?" रंगूबाईनं चुलीपुढून विचारलं.

"काय बी बडबडू नगं. आन् भाकरी नगं बांधू. तितंच जेवतो मी," सिद्धू म्हणाला, आणि सायकल काढून गेला.

एवढ्यावर त्याचं दिवसभराचं बोलणं संपलं. संध्याकाळी येऊन तो पाणी मागणार आणि भिंतीला टेकून बसणार. लढाईवरून आल्यापासून तो असाच होता. सरकारनं त्याला बसऱ्याला नेलं, तिथं फौजेच्या ट्रका दुरुस्त करायला बसवलं, आणि लढाई संपल्यावर परत पाठवलं ते तोंडाला कुलूप घालून. रंगूबाईनं किती गोष्टी विचारायच्या म्हणून राखून ठेवल्या होत्या. तिथं पाऊस पडतो का, बायका कशा नेसतात, भाकरी मिळायची का. त्यावर 'व्हय', 'न्हाई' आणि 'आसंल' याखेरीज उत्तर नाही. रंगूबाई स्वतः बोलकी बाई. तिनं एकटीनंच दोघांचं बोलून वर्ष काढलं. तिला एकच समाधान होतं, की हा सगळ्यांशीच असा आहे. देवाशीसुद्धा बोलत नसेल.

आता त्या मोटारीची गोष्ट. कुंडलच्या नानासोंनी ती हौसेनं घेतली होती. लढाई पेटली आणि सरकार लोकांच्या गाड्या ताब्यात घेत सुटलंय अशी आवई उठली, तेव्हा त्यांनी ती गोठ्याच्या पडवीत ढकलली आणि चारी बाजूंनी कडबा रचून झाकून टाकली. सरकारला मोटार सापडली नाही, पण नानासोंना विषमज्वर सापडला. ते गेले. मागं राहिल्या शालूवैनी, ना मूल ना बाळ, आणि कडब्यातली मोटार. लढाई संपल्यावर वैनींच्या दिरानं, सांगलीला वकिली करणाऱ्या लालासाहेबांनी, मोटारीला गिऱ्हाईक बघितलं. कडबा उपसला, तर इंजिन जाम. पुढून हँडल घालून दोन गडी लोंबकळले, तरी ते तसूभर हललं नाही. सांगलीचा मेकॅनिक येऊन म्हणाला, मोडीत घाला. तिथं सिद्धू मिस्त्री उभा होता. तो म्हणाला, मी सोडवून देतो.

तेव्हा गहू उभे होते. आता गहू कापून, मळून, कणगीत गेले तरी इंजिन सुटलं नव्हतं. इकडं विहिरींची इंजिनं बंद पडून लोकांचे ऊस वाळायला लागले. ते दारात येऊन रंगूबाईवर ओरडायचे. सिद्धू त्यांना 'बघू' म्हणायचा आणि कुंडलची वाट धरायचा.

"रंगे," शेजारची बनुबाई एक दिवस उंबऱ्यावर येऊन टेकलीच. "तुजा मालक मोटारीच्या नादी लागलाय का मोटारवालीच्या?"

"मोटारीच्या गं. दुसऱ्या कुनाचा नाद करायचा तर तोंडातनं शबुद फुटाया लागतो," रंगूबाई हसून म्हणाली.

हसली खरी, पण तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. बनुबाईची पाठ वळताच तिनं भाकऱ्या थापल्या, डाळ-कांदा केला, फडक्यात बांधला आणि भर उन्हात कुंडलची वाट धरली. बायकोनं नवऱ्याची भाकरी पोचवली तर त्यात कुणाला काय बोलायला जागा आहे?

वैनींचा गुरांचा वाडगा गावाच्या कडेला होता. रंगूबाई पेंढ्यांच्या गंजीआडून आत शिरली आणि तिथंच थांबली. कारण तिला एक आवाज ऐकू आला. आधी तिला वाटलं, कुणी पाहुणा आलाय.

"ह्ये बघा वैनीसाब, ह्ये पिष्टन म्हंजे चार भाऊ हायत आसं समजा. दोगं वर गेलं की दोगं खाली येत्यात. हे आसं." तो आवाज सिद्धूचा होता. त्यानं दोन्ही मुठी छातीपुढं धरल्या होत्या आणि तो एक वर, एक खाली नेऊन दाखवत होता. "सगळं एका दांड्याला बांधल्यालं. एकानं हट्ट धरला की चौगं बी अडकलं. आता ह्यातला हट्टी कोन, त्ये हुडकायचं."

"म्हंजे आमच्या सासरावानीच की," शालूवैनी म्हणाल्या.

आणि सिद्धू हसला. मोठ्यानं, मान मागं टाकून हसला. हे हसू रंगूबाईच्या ओळखीचं होतं. लढाईला जायच्या आधी ते तिच्या घरात असायचं. तिला वाटलं होतं, ते बसऱ्यातच कुठंतरी पडलं. ते तर इथं, कुंडलात, दुसरीच्या अंगणात नांदत होतं.

वैनी मोटारीच्या पायरीवर बसल्या होत्या. मांडीवर परात, परातीत नट-बोल्ट, आणि हातात सिद्धूचा चिंधीचा बोळा. एकेक नट पुसून त्या ओळीनं ठेवत होत्या. रंगूबाईनं त्यांना डोळे भरून पाहिलं, काहीतरी खोट सापडावी म्हणून. हातात बांगडी नाही, कपाळ मोकळं, लुगडं साधं. दात पुढं नव्हते. नाक नीट होतं. वय तिच्याहून चार वर्षांनी जास्तच, पण तेही अंगावर दिसत नव्हतं. रंगूबाईला त्या बाईचा फार राग आला.

ती पुढं झाली. सिद्धूनं तिला पाहिलं आणि तोंड मिटलं, रांजणावर झाकण पडावं तसं.

"तू कशाला आलीस?"

"भाकरी आनलीया."

"सांगितलं हुतं की नगं म्हनून."

"बसा की रंगूबाई," वैनी उठत म्हणाल्या. "उनातानाचं आलाय. ताक देते."

रंगूबाईनं ताक घेतलं नाही. भाकरी मोटारीच्या पायरीवर ठेवली, बरोबर वैनी बसल्या होत्या तिथं, आणि आल्या पावली परत फिरली. वाटभर ती स्वतःशी बोलत होती. नवऱ्यानं दुसरीचा हात धरला असता तर तिला त्याचं काय करायचं ते कळलं असतं. चार माणसं गोळा करता आली असती, भावाला बोलावता आलं असतं. पण नवरा दुसरीशी बोलतो, म्हणून चार माणसांत काय सांगणार? पंच विचारतील, काय बोलतो? तर पिष्टनाचं.

तेव्हापासून घरात दोन मुके झाले. सिद्धूच्या ते ध्यानातही आलं नाही, आणि रंगूबाईला त्याचाच जास्त संताप आला.

मग धुण्याचा दिवस आला. सिद्धूच्या पैरणीच्या खिशातून एक बोळा निघाला, तपकिरी, चिकट, कडेनं लाखेसारखा वाळलेला. रंगूबाईनं तो दगडावर आपटला, रिठा चोळला, काही उपयोग नाही. चीड येऊन तिनं तो नाकाशी नेला. रॉकेल, काळं ऑइल, आणि त्याखाली आणखी एक वास. तो तिनं लहानपणापासून घेतला होता. तेलाच्या बुधल्याच्या तोंडाशी जी पिवळी खपली धरते, नखानं निघत नाही, तिचा वास. तिचा बाप विहिरीवरच्या चामड्याच्या मोटेला जे तेल उकळून चोळायचा, म्हणजे वाळून कातडं बनतं आणि पाणी धरतं, त्या तेलाचा वास.

करडीचं तेल!

रंगूबाई धुणं तसंच टाकून खाली बसली. हे इंजिन गंजलेलं नव्हतंच. कुणीतरी शहाण्यानं मोटार कडब्यात घालताना, गंज चढू नये म्हणून आत घरातलं तेल ओतलं होतं. कोयत्याला लावतात, नांगराच्या फाळाला लावतात, तसं. आणि ते आत वाळून मोटेसारखं घट्ट बसलं होतं. आणि हा बाबा रॉकेल ओततोय. रॉकेलनं करडीची खपली कधी सुटली आहे? त्याचा तरी काय दोष म्हणा. जन्मात त्यानं बुधला घासला नव्हता. त्याला वाटत होतं, ते इंजिनचंच ऑइल जळून बसलंय.

तिला हसू आलं आणि लगेच ते मावळलं. दुसरा विचार आला तो सुरीसारखा. हा बोळा रोज त्या बाईच्या हातात असतो. ती काय राजाच्या पोटी जन्मली आहे? चूल सांभाळलेल्या बाईला हा वास कळत नाही? ती ओळखते. पहिल्या दिवसापासून ओळखते. आणि गप्प बसते.

दुसऱ्या दिवशी सिद्धूची सायकल गेल्यावर रंगूबाईनं चुलीतली सगळी राख भरून घेतली, वाण्याकडून धुण्याचा सोडा घेतला, आणि पाटी डोक्यावर ठेवून निघाली. बनुबाईनं विचारलं, "कुटं गं?" तर म्हणाली, "भांडी घासाया."

सिद्धूनं इंजिनवरचं झाकण, ज्याला तो हेड म्हणायचा, ते कधीच काढून ठेवलं होतं. चारी नळकांडी उघडी होती. एकात लाकडी ठोकळा घालून तो वरून मोगरीनं ठोकत होता. वैनी नेहमीच्या जागी होत्या.

"रॉकेलनं सुटायचं न्हाई त्ये," रंगूबाईनं पाटी खाली आदळली. "आत करडीचं त्याल वाळलंया. राखंचं पानी आन् सोडा कडकडीत करून वता. बुदल्यात वतत्यात तसं."

"तुला काय कळतंय त्यातलं?" सिद्धू वैतागला. "ह्ये इंजन हाय, तुजा बुदला न्हवं."

"वास घ्या की. आन् माज्यावर इस्वास नसंल तर ह्यास्नी इचारा." रंगूबाईनं हनुवटीनं वैनींकडं दाखवलं. "सांगा वैनीसाब. करडीचं हाय का न्हाई?"

वैनींनी बोळा नाकाशी नेलासुद्धा नाही. परातीतल्या एका नटाकडं बघत त्या म्हणाल्या, "आसंल. करडीचंच आसंल."

त्यांचा चेहरा पडलेला रंगूबाईनं पाहिला. तिला वाटलं होतं, त्या क्षणी आपलं काळीज थंड होईल. फारसं झालं नाही.

सिद्धूनं नखानं खपली उकरली, हुंगली, बोटांत चोळली.  मग स्वतःशीच म्हणाला, "सोडा ॲल्युमिनमला खातो." वाकून त्यानं पान्यानं पिस्टनच्या डोक्यावर टिचकी दिली. "पर ह्ये बिडाचं हायत. बिडाला धाड भरत न्हाई." आणि उठून उभा राहिला. "वैनीसाब, मोठा हंडा चढवा."

दिवसभर हंडा उकळत राहिला. रंगूबाई राखेचं पाणी फडक्यानं गाळायची, वैनी सोडा ढवळायच्या, सिद्धू नळकांड्यांत ओतायचा. खाली परातीत गोवऱ्यांचा विस्तव ठेवला, इंजिन उबदार राहावं म्हणून. पाणी गार झालं की फडक्यानं टिपून घ्यायचं आणि पुन्हा नवं ओतायचं. वर तपकिरी फेस यायला लागला, साबणासारखा बुळबुळीत. दोघी बायका एका हंड्याशी वाकत होत्या आणि एकमेकींकडं बघत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना सिद्धूनं सगळं पुसून घेतलं, चांगलं ऑइल ओतलं आणि हँडलला हात घातला. दाबलं. काहीच झालं नाही. उलट्या बाजूला दाबलं. आतून 'चर्र' असा आवाज आला, ओलं कातडं सोलल्यासारखा. सिद्धूच्या मानेच्या शिरा फुगल्या. हँडल बोटभर सरकलं. त्यानं ते मागं घेतलं, पुढं दाबलं, पुन्हा मागं, पुन्हा पुढं. बोटभराची वीत झाली, वितीचा हात झाला, आणि एकदम ते सबंध फिरलं. चार भाऊ वर-खाली निघाले.

"सुटलं!" सिद्धू ओरडला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "वैनीसाब, सुटलं ओ!"

रंगूबाई त्याच्या कोपराशी उभी होती. राखेनं तिची बोटं फाटली होती. तो तिच्या डोक्यावरून पलीकडं बघत होता.

"व्हय," वैनी म्हणाल्या, आणि हंडा उचलून आत गेल्या. हंडा रिकामा होता, तो आत न्यायचं काही कारण नव्हतं.

पुढं सगळं झटपट झालं. सिद्धूनं झाकण बसवलं, तारा जोडल्या, आणि एका सकाळी मोटार धूर ओकत, कोंबड्या उधळत सुरू झाली. सांगलीहून लालासाहेब गिऱ्हाईक घेऊन आले. गिऱ्हाईकानं हॉर्न वाजवून बघितला, गाडीत बसलं, आणि मोटार सांगलीच्या रस्त्याला लागली.

रंगूबाई जिंकली. सिद्धू दिवे लागायच्या आत घरी येऊ लागला. सकाळची आंघोळ बंद झाली. विहिरींची इंजिनं फुकफुकू लागली, लोकांची ओरड थांबली. आणि सिद्धू भिंतीला टेकून बसला, पहिल्यासारखा.

तिनं चार दिवस वाट पाहिली. मग भाकरी वाढताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "आवं, पिष्टन म्हंजे काय वं?"

"तुला काय करायचंय?" सिद्धू म्हणाला, आणि कोरड्यासाची वाटी पुढं सरकवली.

दुसऱ्या दिवशी रंगूबाई पुन्हा कुंडलला गेली. या वेळी पदर खोचून, सरळ भांडायला गेली. वैनी अंगणात हुलगे निवडत होत्या. मोटार उभी असायची तिथं जमिनीवर काळा डाग राहिला होता, आणि त्या त्याच्या शेजारीच बसल्या होत्या.

"तुमाला ठावं हुतं," रंगूबाईनं उभ्या उभ्याच सुरुवात केली. "पयल्यापासनं ठावं हुतं, आत काय हाय त्ये."

"हुतं की," वैनी म्हणाल्या. "ह्यांनी वतलं तवा नरसाळं मीच धरलं हुतं. फुडं दर साली कडबा नवा रचायच्या वक्ती मीच पळीपळी घालत गेले. मालकांची गाडी, जपाया नगं?"

"मंग बोलला का न्हाई?"

"बोलले आसते तर चार दिसांत गाडी गेली आसती." वैनींनी सूप खाली ठेवलं. "रंगूबाई, ह्या घरात माज्यासंगं बोलतंय कोन? दीर येत्यात त्ये सही-अंगठ्यापुरतं. गडी येत्यात त्ये वैरनीपुरतं. मिस्त्री बोलायचं. मला पिष्टनाचं काय करायचं हुतं? पर बोलायचं."

रंगूबाईनं भांडणाची मोठी तयारी करून आणली होती. ती सगळी तोंडातच राहिली, आणि बाहेर पडलं ते भलतंच.

"काय बोलायचं?"

मग वैनींनी सांगितलं. दोन मुठी छातीपुढं धरून त्यांनी चार भाऊ दाखवले. ठिणगी कुठं पडते, धूर कुठून जातो, सगळं सांगितलं. शब्द सिद्धूचे, थांबणं सिद्धूचं, मुठी वर नेताना डावा खांदा उचलायची लकबसुद्धा त्याचीच. रंगूबाई समोर मांडी घालून बसली होती आणि आपल्याच नवऱ्याचं बोलणं दुसरीच्या तोंडून ऐकत होती. एकेक शब्द तिला टोचत होता, आणि तरी तो थांबू नये असं वाटत होतं.

"आन् त्या बाळासोचं," वैनी म्हणाल्या, "त्ये तर तुमाला ठावंच आसंल."

"कोन बाळासो?"

वैनींचे हात मांडीवर आले. "न्हाई सांगितलं?"

"सांगा तुमी."

"बसऱ्यास्नं वर इरानच्या डोंगरात ट्रका जायाच्या, रशियाला धाडायचा माल घेऊन. बाळासो ट्रक चालवायचा, आपल्याच भागातला. एक दिस ट्रकातनं आवाज येतोय म्हनून त्यानं मिस्त्रीस्नी दावली. मिस्त्री म्हनालं, जा, पोचशील, आल्यावर बघू. घाटात इंजन जाम झालं. चाकं जाग्याला धरली, आन् गाडी कडंवरनं खाली गेली. दुसऱ्या दिशी ती ट्रक वडून मिस्त्रींच्याच म्होरं आनून टाकली, आन् सांगितलं, इंजन सोडव." वैनींनी खाली ठेवलेलं सूप पुन्हा पुढं ओढलं. "त्ये सुटलं न्हाई, म्हनालं."

"कवा सांगितलं ह्ये?"

"हेड काडलं त्या दिशी. माज्याकडं बघून न्हवं, इंजनात मुंडकं घालून. मी हाय का गेले, ह्ये बी त्यास्नी ठावं नसंल."

रंगूबाई उठली. वैनींनी पुन्हा ताकाचं विचारलं, आणि या वेळी तिनं ते घेतलं. उभ्यानंच प्यायली आणि चालू लागली.

घरी सिद्धू अंगणात बसून कुठल्यातरी इंजिनाची तोटी तारेनं साफ करत होता. सूर्य अजून होता. रंगूबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"बाळासो कोन?"

तार थांबली. "तिनं सांगितलं?"

"तिनं!" रंगूबाईचा बांध फुटला. "तुमची कापडं मी धुवायची, भाकरी मी थापायची, झोपंत वरडत उटला तर पानी मी द्यायचं. आन् मनातलं तिला? सालभर मी एकटीच भित्तीसंगं बोलतीया, आन् तुमी तितं जाऊन आपलं काळीज उगडं करताय? काय हाय तिच्यात? सांगा की! काय हाय तिच्यात जे माज्यात न्हाई?"

"काय बी न्हाई," सिद्धू म्हणाला. तो तोटीकडं बघत होता. "तिला सांगून मी सायकलीवर बसून घरी येत हुतो. तुला सांगून कुटं जाऊ?"

  रंगूबाई दारात जाऊन बसली, उंबऱ्यावर आडवी, दोन्ही पाय लांब करून, म्हणजे आतही जाता येऊ नये.

"कुटं बी जायाचं न्हाई. हितंच सांगा."

सिद्धूनं दाराकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं. मग त्यानं तोटी पुन्हा हातात घेतली, मान खाली घातली आणि तार आत-बाहेर करत तो बोलायला लागला. थंडी किती होती. बाळासो कसा गाणी म्हणायचा. आवाज कसला येत होता. जे दुपारी ऐकलं तेच सगळं रंगूबाई पुन्हा ऐकत होती, आणि तिनं मधे एक शब्द घातला नाही.

"त्याची आय," सिद्धू शेवटी म्हणाला. "तू वळकतीस तिला. बाजारात चिंचंखाली बसती बग, मेथी घिऊन. एक डोळा अधू हाय ती."

"ती?"

"ती. सरकारनं तिला कळवलं की पोरगा आजारानं गेला. मी आल्यापासनं बाजाराच्या दिशी त्या वाटंनं जात न्हाई. तू तिच्याकडनंच भाजी आनतीस, आन् मी ती खातो." त्यानं तार खाली ठेवली. "ह्ये वैनीसाबास्नी बी सांगितलं न्हाई."

इतके दिवस रंगूबाईला असंच काहीतरी हवं होतं, जे त्या बाईला मिळालं नाही, जे फक्त तिचंच असेल. आता ते मिळालं होतं. गेल्याच बाजारी तिनं त्या म्हातारीशी मेथीच्या जुडीवरून भांडण काढलं होतं. जुडी बारीक आहे म्हणून चार माणसांत तिला बोलली होती, आणि म्हातारीनं काही न बोलता वर आणखी दोन काड्या घातल्या होत्या. पुढचा बाजार परवा होता.